तीन पिकअप आणि एक मिक्सर

माझ्या दादाला गाड्यांतलं कळत नाही असं कुणी म्हणालं, तर आजही मी त्याच्या अंगावर धावून जाईन. सगळं कळायचं त्याला. तिथेच तर घोडं पेंड खातं. कमी कळत असतं तर त्याने चार जणांना विचारलं असतं.

तिठ्यावर पिकअपवाल्यांचा थांबा आहे आणि थांब्याला लागून माझं पंक्चरचं दुकान. नवरा गेल्यापासून मी एकटी चालवते. हात टायरमध्ये असले तरी तोंड मोकळंच असतं, म्हणून मला सगळे ठिणगी म्हणतात. म्हणू देत. थांब्यावरच्या या रिकामटेकड्यांना दिवसभर एकच विषय. कुठली पिकअप चांगली? ओढते कोण, पिते किती, रस्त्यात दगा देते कोण? जेवताना तेच, चहा पिताना तेच. घरी बायकोचं नाव विसरतील, पण कुठल्या गाडीचा क्लच कधी बसला ते विसरणार नाहीत.

कंपन्यांची खरी नावं तिथे कुणी घेत नाही. पहिली म्हातारी. जुन्या बांधणीची, आवाज करणारी, दिसायला ध्यान. पण पहाटे चावी फिरवली की पहिल्या झटक्याला उठणार आणि पोचवल्याशिवाय बसणार नाही. दुसरी मुंगी. डिझेल नुसतं हुंगते आणि चालते, पण मागे जड काही बांधलं की पुढचं तोंड वर करते. तिसरा रेडा. मागे घर बांधा, घर ओढून नेईल. फक्त डिझेल पंपावरून त्याला हलवणं कठीण.

या वादात निवाडा दादाचा. भांडण फार चढलं की कुणीतरी म्हणायचं, "थांबा, दादांना येऊ दे." दादा यायचा, विचारायचा, "तू वाहणार काय? चढ आहे की सपाट? मागे टोचन लावून काही ओढणार का?" आणि मगच सांगायचा. नुसतं "ही चांगली, ती वाईट" असं त्याच्या तोंडून कधी आलं नाही. त्याच्या शब्दावर कितीतरी जणांनी गाड्या घेतल्या आणि एकानेही कधी शिवी दिली नाही. मला अभिमान होता त्याचा. अजूनही आहे, काय करू?

त्याचा स्वतःचा धंदा म्हणजे काँक्रीटचा मिक्सर. चाकांवरचा मोठा मिक्सर, पोटात फिरणारा ड्रम, पुढे लांब लोखंडी दांडा. तो दांडा पिकअपच्या मागच्या हुकात अडकवायचा आणि जिथे घराचं काम चाललंय तिथे ओढत न्यायचा. टेकडीवर नवी वस्ती उठत होती. तिथल्या अरुंद, उभ्या गल्ल्यांत मोठे ट्रक शिरत नाहीत, त्यामुळे दादाच्या मिक्सरशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं. मिक्सर टेकडीवर चढला तर घरात चूल पेटणार, नाही चढला तर नाही. इतका सरळ मामला होता.

हा संसार दादाने आणि वहिनीने मिळून उभा केला. दादा चालवायचा, वहिनी मिक्सरवर उभी. सिमेंटची पोती फोडायची, खडी, वाळू, पाणी, सगळा अंदाज तिचा. आणि काम संपलं की बाकीचे हातपाय धुवायला पळायचे, तेव्हा ही बाई ड्रममध्ये दोन घमेली खडी आणि बादलीभर पाणी टाकून तो फिरवत बसायची. खडी आतून घासत जाते, चिकटलेलं सगळं सुटतं. पाणी नितळ येईपर्यंत ती हलायची नाही. दादा गाडीत बसून हॉर्न वाजवायचा. ती म्हणायची, "वाजवा, वाजवा. तुमच्या हॉर्नने ड्रम साफ निघत नाही."

मग सिमेंटची धूळ तिच्या छातीत बसली. आधी खोकला, मग धाप, मग चार पायऱ्या चढणंही जमेना. डॉक्टरने साइटवर जायचं कायमचं बंद केलं. ती घरी खिडकीशी बसायला लागली आणि दादाने हाताखाली रोजावरची माणसं घेतली. रोजावरचा माणूस, त्याला काय पडलंय? सुटायची वेळ झाली की एक बादली पाणी ड्रममध्ये भिरकावायचं, झालं. दादालाही दुसऱ्या कामावर पळायची घाई. वहिनी मात्र संध्याकाळी विचारायची, "अहो, धुतला ना?" दादा म्हणायचा, "धुतला गं." पाणी मारलं होतं, म्हणजे त्याच्या हिशेबी ते खोटं नव्हतं.

इथून पुढे सगळं हळूहळू बिघडलं, आणि हळू बिघडतं ते दिसत नाही. दादाकडे तेव्हा म्हातारी होती. ती चढावर दमायला लागली. ज्या चढावर ती दुसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत जायची, तिथे पहिल्यात रडायला लागली. ॲव्हरेज घसरलं. क्लचला वास येऊ लागला. क्लच बदलला, तरी तेच. दादाने डिझेल पंप बदलला, म्हणाला भेसळ आहे. टायर बदलले, ते मीच बसवले. मग त्याला मिक्सरचा दांडा उचलून हुकात अडकवताना जड जायला लागलं. आधी तो आणि एक गडी मिळून उचलायचे, आता खाली जॅक लावावा लागे. त्यावर म्हणाला, "ठिणगे, माझी कंबर गेली. वय झालं." ठेकेदार कुरकुरायचा की ड्रममधून माल पूर्वीइतका निघत नाही. दादा म्हणायचा, मेला घासाघीस करतोय. गाडी, डिझेल, रस्ता, कंबर, ठेकेदार, सगळ्यांवर आळ घेऊन झाला. काखेत कळसा म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो?

शेवटी त्याने ठरवलं, गाडी बदलायची. पण दादा तो दादा. ऐकीव गोष्टींवर गाडी घेणारा तो नव्हे. म्हणाला, तिन्ही गाड्यांची परीक्षा घेतो. थांब्यावरच्या एकाने मुंगी दिली, दुसऱ्याने रेडा. अख्खा थांबा धंदा सोडून टेकडीच्या पायथ्याशी जमला, मीही दुकानाला कुलूप लावून गेले. दादाचे नियम कडक. तिन्ही गाड्यांच्या टाक्या गळ्यापर्यंत भरायच्या. चालवणार तो एकटा. चढ तोच, वेळ तीच, आणि मागे ओझं तेच, त्याचा स्वतःचा मिक्सर. कुणीतरी म्हणालं, "अहो दादा, मिक्सर कशाला? वाळूची पोती टाका की." दादा त्याच्यावर उखडलाच. "पोती मी रोज ओढतो का? जे रोज ओढायचंय त्यानेच मापायचं. तराजू एक असला म्हणजे माप खोटं निघत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. बोलणं पटण्यासारखंच होतं.

मुंगीने तर पहिल्या वळणावरच तोंड वर केलं, पुढची चाकं जागच्या जागी फिरली. लोक हसले. तिला कशीबशी मागे घेतली. मग म्हातारी. ती अर्ध्या चढापर्यंत गेली, आणि खालून आम्हाला धूर दिसला. दादा तिथेच उतरला, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मग दगड लावून, ढकलून आम्ही तिला खाली आणली. शेवटी रेडा. तो घुरघुरत वर गेला, वरून वळला, खाली आला. पण टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरायला लागले तेव्हा पंपवाला पोरगाही म्हणाला, "गळतेय का हो कुठे?"

दादा गंभीर. म्हणाला, "पिऊ दे. ओढतो ना? म्हातारीचे दिवस भरले."

घरी वहिनीला हे सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. ती म्हणाली, "अहो, ती गाडी इतकी वर्षं कधी दमली नाही. एकदम कशी दमेल? दुसरं काही नसेल ना?" दादाला आधीच वाईट वाटत होतं, त्यात हे. फिस्कारलाच, "तू खिडकीत बसून मला गाड्या शिकवू नकोस." मी दादाला तिथल्या तिथे झापलं, पण बोललेलं परत आत जात नाही.

म्हातारी एका गादीवाल्याने घेतली. कापूस आणि गाद्या वाहायला. दादाने चावी देताना त्याला पुन्हा पुन्हा बजावलं, "चढावर जपा, हिचा जीव कमी झालाय." गादीवाल्याने मान हलवली आणि घेऊन गेला. रेडा दारात आला. सगळे म्हणाले, काय ऐटदार! ऐटदार होताच तो. टेकडीवर मिक्सर घेऊन जायचा आणि आल्यावर पंपावर उभा राहायचा. लांबची कामं दादाने सोडली, कारण तिथवर जाण्यातच सगळं पिऊन व्हायचं. मग जवळच्या ठेकेदारांनी भाव पाडला, त्यांना माहीत होतं याला दुसरीकडे जाता येत नाही. वहिनी छातीसाठी ओढायचं औषध दिवसातून दोनदा घ्यायची, ते एकदाच घेऊ लागली. मला म्हणाली, "हल्ली बरं वाटतंय म्हणून." धाप लागलेल्या आवाजात म्हणाली. एवढी मी मूर्ख नाही.

मग तो दिवस. टेकडीवर रेड्याचं मागचं चाक बसलं म्हणून दादाने मला बोलावलं. मी चाक उतरवत होते आणि दादा मिक्सरच्या दांड्याखाली जॅक लावून घाम गाळत होता. समोरच्या साइटवर दुसऱ्या कुणाचं काम संपलं होतं. तिथेही मिक्सर उभा. अगदी याच बनावटीचा, तोच आकार, तोच दांडा. दोन कामकरी बायका गप्पा मारत आल्या, एकीचं बोलणंही तुटलं नाही, दोघींनी वाकून दांडा उचलला आणि पिकअपच्या हुकात टाकला. पिकअप कुठली? मुंगी! आणि ती मुंगी तो मिक्सर घेऊन टेकडीच्या वरच्या अंगाला आमच्यासमोरून निघून गेली. तोंड वर न करता.

दादाच्या हातात जॅकचा दांडू तसाच. मी म्हटलं, "दादा..." त्याने ऐकलं नाही. मिक्सरपाशी गेला, बाही सारली आणि ड्रमच्या तोंडातून हात आत घातला. आतमध्ये माल घुसळायला लोखंडी पाती असतात, वीतभर रुंद. तो चाचपत राहिला. मग मला म्हणाला, "तू बघ." मी हात घातला. पात्यांची फक्त टोकं हाताला लागली, बोटाच्या पेराएवढी. बाकी सगळा दगड. वर्षानुवर्षं चिकटत, थरावर थर बसत ड्रमच्या पोटात काँक्रीटचा दगड झाला होता, आणि दादा तो टेकडीवर चढवत होता, उतरवत होता. म्हातारी त्यानेच दमली. कंबर त्यानेच गेली. ठेकेदार खरं बोलत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आम्ही.

"तराजूच खोटा होता गं," दादा म्हणाला, आणि रस्त्यावरच खाली बसला. मी माझ्या भावाला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला त्याचा इतका राग आला आणि इतकी दया आली, की मी चाकाचे नट आवळत बसले.

दुसऱ्या दिवशी दादा गादीवाल्याकडे गेला. मी सोबत गेले, नाहीतर तो नुसता बघून परत आला असता. म्हातारी कारखान्याच्या दारात उभी, अंगावर गाद्यांचा डोंगर. गादीवाला धावतच बाहेर आला. "दादा, सोनं दिलंत हो! जीव कमी झालाय म्हणालात, पण ही तर ऐकतच नाही. घाट काय, चढ काय! आणि ॲव्हरेज?" त्याने सांगितलेला आकडा ऐकून दादाने मान फिरवली. मी तोंडावर विचारलं, "परत द्याल का? बदल्यात रेडा घ्या." गादीवाला मोठ्याने हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्याने आमची तोंडं पाहिली आणि हसायचा थांबला. "नाही हो ताई," म्हणाला, "आता नाही जमणार." त्याची काय चूक? कुणी दिली असती?

परत येताना दादा म्हणाला, "ठीक आहे. गाडी गेली तर गेली. ड्रम मोकळा करू. ओझं उतरलं की रेडाही कमी पिईल. लांबची कामं परत धरू." त्याच्या आवाजात थोडी उभारी होती. मलाही वाटलं, चला, निदान इतकं तरी.

वेल्डरला बोलावलं. तो ड्रमवर बाहेरून नख मारत फिरला, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "दादा, मी तुमच्या जागी असतो तर हात लावला नसता. ओल आतल्या आत राहिलीय. पत्रा किती उरलाय कुणास ठाऊक."

दादा म्हणाला, "म्हणजे असाच ओढू? मरेपर्यंत?"

वेल्डरने खांदे उडवले. छिन्नी आणि घण घेऊन दादा ड्रममध्ये शिरला, खांद्यापर्यंत आत. आम्ही बाहेर. ठोके सुरू झाले. खपल्या निघायला लागल्या, मी घमेल्यात भरून अंगणाच्या कोपऱ्यात टाकत होते. दुपारपर्यंत ढीग गुडघ्याएवढा झाला, आणि दादा आतून ओरडायचा, "पातं दिसलं! अजून एक दिसलं!" लहान मुलासारखा खूश. मग एक मोठी खपली सुटली आणि आवाज बदलला. दणदण होती ती खडखड झाली. दादा थांबला. मी बाहेरून पाहिलं. ड्रमला माझी मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं आणि त्यातून दादाचा शर्ट दिसत होता.

वेल्डरने तिथे पॅच मारायला घेतला, तर बाजूचा पत्राच वितळून गळून पडला. टाका घालायला कापडच नव्हतं. जिथे जिथे दगड निघाला होता तिथे तिथे बोटाने दाबलं तरी पत्रा आत जात होता. वेल्डर हळूच म्हणाला, "दगड होता म्हणून ड्रम होता, दादा." माझी अशी सणक गेली डोक्यात! म्हटलं, "बस झालं तुझं शहाणपण, उचल सामान." बिचाऱ्याने पैसेही मागितले नाहीत.

ठोके थांबले म्हणून वहिनी बाहेर आली. भिंत धरत, दोनदा थांबत. तिने ढीग पाहिला, भोक पाहिलं. दादा घण हातात घेऊन उभा. वहिनी म्हणाली, "अहो, तुम्ही तर धुतला म्हणायचात."

"पाणी मारत होतो," दादा म्हणाला.

"पाणी मारणं म्हणजे धुणं नव्हे."

बस, इतकंच बोलली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. आम्ही वाट पाहत होतो. ती ढिगापाशी बसली, एक तुकडा उचलून उलटसुलट केला. त्याच्या एका अंगाला पात्याचा ठसा गुळगुळीत उमटला होता. मग धाप घेत हसली, म्हणाली, "डॉक्टर म्हणतात माझ्या छातीतही असंच बसलंय. माझ्यावर नका हो छिन्नी चालवू." आणि दादा, माझा तो निवाडे करणारा दादा, घण टाकून हुंदके देऊन रडला. शेजारी खिडक्यांत आले तरी थांबला नाही.

नवा मिक्सर घ्यायची ऐपत कुठून आणणार? रेड्याने सगळं पिऊन टाकलं होतं. रेडा विकायचा म्हटलं तर घेणारं कोण, थांब्याला त्याची तहान माहीत झालेली. टेकडीवरची कामं त्या मुंगीवाल्याने धरली. तेलही गेलं, तूपही गेलं. दारात उभी राहिली एक गाडी, जी घरही ओढून नेईल, आणि तिच्यामागे बांधायला काही उरलं नाही.

उरलेला दगड फोडून काढून मिक्सर भंगारात द्यायचा ठरला. भंगारवाल्याकडे स्वतःची गाडी नव्हती, म्हणून दादाच रेड्यामागे लावून घेऊन निघाला. मी शेजारी बसले. जॅक लागला नाही, आम्ही दोघांनीच दांडा हुकात टाकला. रेडा असा निघाला की मागे काही आहे हे कळेचना. मधल्या पुलाच्या चढावर दादाने वरचा गिअर टाकला आणि गाडीने तो घेतला. इंजिनचा आवाजही वाढला नाही. दादा काट्याकडे बघत होता. "आज पहिल्यांदा कमी पितोय," म्हणाला. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

भंगारवाल्याने मिक्सर काट्यावर चढवला, बाकीच्या लोखंडात ढकलला, आणि आम्ही परत निघालो. कोपऱ्यावर डावीकडे वळायचं होतं. मागे मिक्सर असला की दादा नेहमी वळण रुंद घ्यायचा, आधी उजवीकडे सरकायचा, मग वळायचा, म्हणजे मिक्सरचं चाक कोपऱ्याच्या दगडाला घासत नाही. आताही तो उजवीकडे सरकला. मागून येणारा स्कूटरवाला आमच्यावर आदळता आदळता वाचला आणि आईवरून शिवी देऊन गेला.

मी म्हटलं, "दादा, मागे काही नाहीये."

"माहीत आहे," तो म्हणाला.

पुढचं वळणही त्याने तसंच घेतलं. आजही तसंच घेतो.